शेंगदाणे, फुटाणे, बेदाणे : ट्रेकच्या डब्यातला इतिहास

हा आपल्या नव्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा लोकलच्या गर्दीत इअरफोन काढायलाही हात वर जात नाही, त्यांच्यासाठी. ऐकताना आलेली दोन-चार वाक्यं इथे थोडी नीट केली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एकदम छोटा आहे. मुठीत मावेल एवढा. ट्रेकला किंवा लांबच्या गाडीप्रवासाला निघताना आपण जो सुका खाऊ सोबत घेतो तो. शेंगदाणे, फुटाणे, बेदाणे, खोबऱ्याचे काप, गुळाचा खडा, ऐपत असेल तर काजू-बदाम. आजकाल याला ‘ट्रेल मिक्स’ म्हणतात, चकचकीत पाकिटात घालतात आणि किमतीला एक शून्य जास्त लावतात.

पावसाळा सुरू झाला की ट्रेकच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. आशय असा, की हे विदेशी ट्रेल मिक्स वगैरे सोडा, आपले मावळे शेंगदाणे-गूळ खाऊन गड चढत होते. खाली भगवा झेंडा आणि हात जोडलेले. मी कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. एखादी गोष्ट ‘पहिल्यापासून अशीच आहे’ असं कुणी म्हटलं की आमच्या धंद्यात आधी जुने लॉग उघडून बघायची सवय असते. म्हणून आज आपण या मुठीतल्या एकेका दाण्याचे लॉग उघडणार आहोत.

भुईमूग हे नावच काय सांगतं?

शेंगदाण्यापासून सुरू करू. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आजच्या बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातला. दोन रानटी जातींचा तिथे संकर झाला आणि त्यातून आपण खातो तो भुईमूग आला. पेरूमध्ये तर तो हजारो वर्षांपूर्वीच्या थरांत सापडतो. तिथल्या मोचे संस्कृतीत त्याला किती मान होता बघा. १९८७ मध्ये वॉल्टर अल्वा या पुरातत्त्वज्ञाने सिपान इथे एका सरदाराचं थडगं उघडलं. त्याच्या गळ्यात माळ होती, सोन्याच्या आणि चांदीच्या शेंगांची. हुबेहूब भुईमुगाच्या शेंगा! आपण ज्याला गरिबाचा बदाम म्हणतो, तो तिकडे राजाच्या गळ्यात.

१४९२ नंतर युरोपीय जहाजं अमेरिकेत पोचली आणि भुईमूग जगभर निघाला. पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेत नेला. आफ्रिकेतून माणसांना गुलाम म्हणून भरून नेणाऱ्या जहाजांबरोबर तो पुन्हा अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेत गेला. दुसऱ्या बाजूने स्पॅनिश जहाजांतून फिलिपिन्सला, तिथून चीनकडे.

भारतात तो कोणत्या वाटेने आला? इथे आपल्या भाषा मदतीला येतात. तमिळमध्ये भुईमुगाचं एक नाव आहे ‘मणिलाक्कोट्टै’, म्हणजे मनिलाची बी. बंगालीत त्याला म्हणतात ‘चिनाबादाम’. म्हणजे पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ताच छापलाय. आणि जिथे पत्ता नाही, तिथे लोकांनी ओळखीच्या कडधान्याचं नाव उसनं घेतलं. कन्नडमध्ये ‘नेलगडले’, म्हणजे जमिनीतला हरभरा. हिंदीत मूंगफली. आणि मराठीत भुई अधिक मूग. मूग आधीपासून घरात होता, हा पाहुणा नंतर आला, म्हणून ‘हा तो भुईतला मूग’ अशी ओळख करून दिली. जे पीक खरोखर प्राचीन असतं त्याला असं जोडनाव घ्यावं लागत नाही. हरभरा, तीळ, कुळीथ यांना स्वतःची नावं आहेत.

१८०० साली फ्रान्सिस बुकानन हा इंग्रज कंपनीचा डॉक्टर म्हैसूर भागात फिरला, त्याच्या नोंदींत भुईमूग येतो. पण मोठ्या प्रमाणावर लागवड झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे साबण. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात तेलाच्या आणि साबणाच्या गिरण्या होत्या. त्यांना स्वस्त तेलबी हवी होती. ती पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमधून जाऊ लागली आणि पाँडिचेरी-मद्रासकडूनही. दक्षिणेतल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हातात रोख पैसा देणारं पीक मिळालं. दख्खनमध्येही ते पसरलं. आपल्या आमटीत, चटणीत, उपासाच्या खिचडीत शेंगदाण्याचं कूट इतकं मुरलंय, की ते नसलेलं मराठी स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणता येत नाही. पण ते मुरणं मुख्यतः गेल्या दीड-दोनशे वर्षांतलं आहे.

म्हणजे मेसेजमधला मावळा शेंगदाणे चघळत तोरणा चढतोय, हे चित्र काळाच्या हिशोबात बसत नाही.

मग त्याआधी शिदोरीत काय होतं?

खूप काही होतं. आणि याचे पुरावे जास्त भक्कम आहेत.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. तिथे जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे मिळाले. त्यात जव आहे, मसूर आहे, कुळीथ आहे. आणि बोरांच्या बिया आहेत. सुकवलेलं बोर, मंडळी! तीन हजार वर्षांपूर्वीचा आपला ‘ड्रायफ्रूट’.

ऋग्वेदात ‘धाना’ हा शब्द येतो. अर्थ, भाजलेले जवाचे दाणे. इंद्राला जे पदार्थ अर्पण करायचे त्यात धाना आहेत. भाजलेलं धान्य दळलं की सक्तू, म्हणजे आजचा सातू. भाजल्याने दाण्यातलं पाणी जातं, तो टिकतो, हलका होतो आणि पुन्हा चूल पेटवावी लागत नाही. प्रवासाला याहून सोयीचं काय असणार? संस्कृतात प्रवासाच्या खाण्यासाठी खास शब्दच आहे, ‘पाथेय’. पथावर खायचं ते पाथेय. म्हणजे ‘ट्रेल’चं खाणं! शब्दशः तेच.

सुदाम्याचे पोहे आठवा. भागवतात त्याची बायको शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून देते. ते कृष्णाला भेट म्हणून असतात, वाटेत खायला नाही. पण द्वारकेपर्यंत पायी नेता येईल, नासणार नाही, सांडणार नाही, असं गरिबाच्या घरात काय मिळेल, याचं उत्तर पोहे हेच होतं.

पंढरपूरचा प्रसाद बघा. चुरमुरे, लाह्या, फुटाणे, साखरफुटाणे, बत्तासे. सगळं कोरडं, सगळं हलकं, आणि मूठमूठ वाटता येईल असं. पायी आलेला माणूस पायीच परत जाणार आणि गावातल्या शंभर घरांत प्रसाद पोचवणार, या गरजेला हे तंतोतंत बसतं. आणि घरोघरची दशमी? भाकरीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळलं की ती मऊ राहते आणि प्रवासात जास्त चालते. तीही शिदोरीतलीच.

फुटाण्याचा हरभरा तरी आपला आहे ना? तर तोही आलेलाच. आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, माणसाने हरभरा पिकवायला सुरुवात केली. पण भारतात येऊन त्याला हजारो वर्षं झाली. ऊस त्याहून लांबचा, न्यू गिनी बेटावरचा. मात्र त्याच्या रसाचे खडे करण्याचं कसब भारतात फुललं. ‘शर्करा’ या शब्दाचा जुना अर्थच वाळू, खडे. तोच शब्द फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ होत इंग्रजीत ‘शुगर’ झाला. म्हणजे एक दाणा आपण घेतला आणि एक शब्द जगाला दिला.

खोबऱ्याच्या बाबतीत मात्र आपण छाती थोडी पुढे काढू शकतो. २०११ मध्ये जगभरच्या नारळांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की माणसाने नारळ दोन ठिकाणी स्वतंत्रपणे आपलासा केला. एक प्रशांत महासागरात, आणि दुसरं आपल्याच हिंदी महासागरात, दक्षिण भारत, श्रीलंका, मालदीव, लक्षद्वीप या पट्ट्यात.

काजू आणि बेदाण्याची मोठी फेरी

काजू ब्राझीलचा. तिथल्या तुपी भाषेत ‘अकाजू’, पोर्तुगीजांच्या तोंडी ‘काजू’, आणि आपण तो शब्द जसाच्या तसा घेतला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी झाड पश्चिम किनाऱ्यावर आणलं. कोकण आणि गोव्याच्या जांभ्या खडकाला ते इतकं मानवलं, की २००९ मध्ये गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. ब्राझीलचं फळ आणि गोव्याची ओळख, दोन्ही एकाच वेळी खरं.

बेदाण्याची गोष्ट तर मला सगळ्यांत जास्त आवडते. शब्द फारसी आहे. ‘बे’ म्हणजे शिवाय, ‘दाना’ म्हणजे दाणा, बी. बेदाणा म्हणजे बिनबियांचा. बिनबियांची ही पिवळसर द्राक्षं इराण-तुर्कस्तानच्या बाजूची, किसमिस किंवा सुलताना नावाने ओळखली जाणारी. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेत पोचली. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसन नावाच्या माणसाने ती लावली आणि तिकडे तिचं नाव पडलं ‘थॉम्पसन सीडलेस’. विसाव्या शतकात हीच थॉम्पसन सीडलेस महाराष्ट्रात आली. तासगावच्या वसंतराव आर्वे यांनी बागेतल्या वेलींमधून निवड करत करत ‘तास-ए-गणेश’ हा वाण काढला. आज सांगली-तासगाव म्हणजे बेदाण्याची राजधानी, आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. पश्चिम आशियातून कॅलिफोर्निया, तिथून तासगाव. अर्धी पृथ्वी फिरून आलेली वेल, आणि तिच्यावर मेहनत आपल्या माणसांची.

अमेरिकेतही असाच एक फॉरवर्ड आहे

इतिहासाच्या नावाने गोष्ट रचण्याची खोड फक्त आपल्याला नाही. अमेरिकेत ट्रेल मिक्सला ‘गॉर्प’ म्हणतात. तिथला कुणीही ट्रेकर तुम्हाला सांगेल की हे ‘गुड ओल्ड रेझिन्स अँड पीनट्स’चं लघुरूप आहे. छान वाटतं ऐकायला. पण हपापून खाणं या अर्थाने ‘गॉर्प’ हा शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सापडतो. म्हणजे शब्द आधी, लघुरूप नंतर जुळवलेलं. आमच्याकडे प्रोजेक्टला आधी मस्त नाव देतात आणि मग त्या अक्षरांना अर्थ शोधत बसतात, तसंच.

शिवाय १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात हे मिश्रण ‘शोधलं’ असंही सांगितलं जातं. पण होरेस केफार्ट या लेखकाने त्याच्या कित्येक दशकं आधी, जंगलातल्या मुक्कामांवरच्या आपल्या पुस्तकात, सुकामेवा, मनुका आणि चॉकलेट सोबत ठेवायला सांगितलं होतं. जर्मनीत तर मनुका-बदामाच्या मिश्रणाला सतराव्या शतकापासून ‘श्टूडेंटनफुटर’ म्हणतात, म्हणजे विद्यार्थ्यांचा चारा. हॉस्टेलवाल्यांनो, तुमची परंपराही जुनी आहे!

आणि हा खाऊ म्हणजे नेहमीच गमतीचा विषय नव्हता. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं प्रवासातलं अन्न होतं ‘पेमिकन’. बायसनचं मांस सुकवून कुटायचं, त्यात वितळलेली चरबी आणि कधी रानफळं घालायची. हे महिनोन् महिने टिकायचं. कॅनडातला फरचा सगळा व्यापार नावांतून चालायचा आणि नावा वल्हवणारे पेमिकनवर जगायचे. १८१४ मध्ये रेड नदीकाठच्या वसाहतीचा गव्हर्नर माइल्स मॅकडॉनेल याने हुकूम काढला की पेमिकन या भागाबाहेर न्यायचं नाही. मेती लोक आणि नॉर्थ वेस्ट कंपनी यांची तर शिदोरीच अडवली. तंटा वाढत गेला आणि १८१६ च्या जूनमध्ये सेव्हन ओक्सच्या चकमकीत पुढचा गव्हर्नर रॉबर्ट सेंपल आणि त्याचे २० माणसं मारली गेली. ज्याच्या हातात शिदोरी, त्याच्या हातात रस्ता. पुढे त्याच शतकात बायसनचे कळप जवळजवळ संपवले गेले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या लोकांचं पोटच कापलं गेलं.

मग परंपरा कुठे आहे?

आता कुणी म्हणेल, अरे बाबा, शेंगदाणा दोनशे वर्षांचा असो की दोन हजार, चवीला काय फरक पडतो? चवीला नाही पडत. पण ‘हे आपलं, ते परकं’ या भांडणाला पडतो. आपण शिदोरी बघून माणसं तोलतो. कुणाच्या डब्यात काय आहे यावरून कोण अस्सल आणि कोण बाहेरचा, हे ठरवणारे लोक आज आपल्या आसपास आहेत. भाड्याचं घर देतानाही डब्याची चौकशी होते. अशा वेळी आपल्याच मुठीत पेरू, ब्राझील, तुर्कस्तान, न्यू गिनी आणि लक्षद्वीप शेजारी शेजारी बसलेत हे माहीत असलेलं बरं.

आणि मावळ्यांचा मान राखायला त्यांच्या तोंडात शेंगदाणे घालायची गरजच नाही. नाचणी, वरी, कुळीथ यांच्यावर वाढलेली माणसं ती. या डोंगरात जे पिकत होतं त्यावर त्यांनी गड राखले. आपण खोटा शेंगदाणा त्यांच्या हातात देतो, तेव्हा त्यांच्या खऱ्या नाचणीला विसरतो. माझ्या मते परंपरा वस्तूत कमी आणि पद्धतीत जास्त आहे. भाजून पाणी घालवायचं, हलकं बांधायचं, आणि मूठमूठ वाटून खायचं. धाना ते फुटाणे, पद्धत तीच राहिली. दाणे बदलत गेले.

आता करायचं कसं?

इतकं बोललो तर कृती सांगायलाच हवी. एका माणसाच्या एका दिवसाच्या ट्रेकसाठी: भाजलेले शेंगदाणे ५० ग्रॅम, फुटाणे ३० ग्रॅम, बेदाणे २५ ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप १५ ग्रॅम. झाले १२० ग्रॅम, आणि साधारण साडेपाचशे-पावणेसहाशे कॅलरी. वजन एका मोबाइलपेक्षाही कमी. यामागचं गणित सोपं आहे. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिनातून ४. म्हणून शेंगदाणा आणि खोबरं कमी वजनात जास्त ताकद देतात, पण सावकाश. बेदाणा आणि गूळ चटकन देतात. चढ सुरू व्हायच्या आधी दाणे, आणि दम लागला की बेदाणा.

शेंगदाणे मंद आचेवर भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरा. गरम भरले तर वाफ आत धरते आणि दाणे मऊ पडतात. घाम खूप येतो, म्हणून दाण्यांना मिठाच्या पाण्याचा हबका मारून पुन्हा कोरडे परतून घ्या. बेदाण्यात साधारण १५ टक्के पाणी असतं. ते रात्रभर फुटाण्यांबरोबर राहिले तर फुटाणे ते पाणी ओढतात आणि सादळतात. म्हणून बेदाणे वेगळ्या पुडीत, सकाळी निघताना एकत्र करा. गूळ तर हवेतलं पाणी ओढतो. पावसाळ्यात तो कायम वेगळाच ठेवा, नाहीतर सगळ्याची चिक्की होते आणि तीही चिकट.

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नका. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. शोध घेतल्यावर कारण निघालं त्यांच्या खाद्यातली ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. तिच्यावर बुरशी वाढली होती आणि त्या बुरशीचं विष होतं अफ्लाटॉक्सिन. हे विष यकृतावर घाला घालतं आणि नुसतं भाजून ते पूर्ण जात नाही. म्हणून दमट जागी राहिलेले, काळपट, सुरकुतलेले, कडू लागणारे दाणे सरळ फेकून द्या. तोंडात एक कडू दाणा आला तर गिळू नका, थुंका. वीस रुपये वाचवायच्या नादात लिव्हर पणाला लावू नका.

आणि गडावरच्या माकडांना हा खाऊ देऊ नका. त्यांना आयत्या खाण्याची सवय लागते आणि मग ती पुढच्या माणसाच्या पिशवीवर झडप घालतात. पाकिटाऐवजी घरचा डबा नेला तर गडावर प्लास्टिकही राहत नाही.

तर मंडळी, पुढच्या आठवड्यात घरातल्या आजी-आजोबांना एवढंच विचारा, की ते लहान असताना गावाला पायी किंवा एसटीने निघाले की फडक्यात काय बांधून मिळायचं. उत्तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. चांगली पाच-सहा उत्तरं आली तर त्यांचाच एक भाग करू. तोपर्यंत भटकत राहा, आणि खाताना शेजारच्याला मूठभर द्या. भेटू!